उजेड कुठून येतो

माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ होता. तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत. खाली किराणा मालाचं दुकान आणि वर माडीवर मामा. जिना चढून गेलं की बाकडं, भिंतीला आरसा, आरशाखाली कंगवा आणि पावडरचा डबा, मग तो जाड काळा पडदा. पडद्याच्या आत माझी मे महिन्याची सुट्टी असायची. तीन स्टँडवर तीन दिवे, मागे तळं आणि कमळं रंगवलेलं कापड, आणि पाचशे वॉटच्या बल्बांची अशी धग की गिऱ्हाइकाच्या कपाळावरची पावडर फोटो निघेपर्यंत ओली व्हायची.

गिऱ्हाईक नसलं की मामा मला स्टुलावर बसवायचा, हातात आरसा द्यायचा आणि एकच दिवा घेऊन माझ्याभोवती फिरायचा. दिवा हनुवटीखाली आला की नाकाची सावली कपाळावर चढायची आणि माझीच मला भीती वाटायची. दिवा डोक्यावर गेला की डोळे खोबणीत बुडायचे. घरात कुणी गेलंय असं वाटावं, तसा चेहरा व्हायचा. मग तो दिवा एका बाजूला, जरा उंचावर न्यायचा आणि म्हणायचा, "आता हास." हसायची गरजच नसायची. गाल गोल झालेला असायचा, डोळ्यात ठिपका आलेला असायचा. "चेहरा तोच आहे ना? मग बदललं काय?"

कुठलंही चित्र बघताना त्याचा पहिला प्रश्न ठरलेला होता: "उजेड कुठून येतोय?" कॅलेंडर असो, बिस्किटाचा डबा असो, सिनेमाचं पोस्टर असो. आमच्या स्वयंपाकघरातल्या लक्ष्मीच्या चित्रात उजेड कुठूनच येत नाही, हे मला आठव्या वर्षी कळलं होतं. तिच्या पायाशी सावली नव्हती. हत्तींनाही नव्हती.

तो प्रश्न मला आयुष्यभर पुरला. सिनेमा बघताना मी गोष्ट ऐकते, माणसांत गुंतते, रडते. पण आत कुठेतरी मामा बसलेला असतो आणि तो विचारत असतो. बहुतेक वेळा गोष्टीचं मर्म मला त्या उत्तरातच सापडलं आहे.

'कागज के फूल' आम्ही दोघांनी मिळून दूरदर्शनवर पाहिला. १९५९ चा सिनेमा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. त्या रुंद पडद्याचं आमच्या छोट्या टीव्हीवर काय झालं असेल ते झालं असेल, पण त्यातलं एक दृश्य सुरू झालं आणि मामा खुर्चीच्या कडेवर येऊन बसला. रिकामा, अंधारा स्टुडिओ. दिग्दर्शक सुरेश सिन्हा आणि त्यानं नटी म्हणून घडवलेली शांती, गुरुदत्त आणि वहिदा रेहमान, एकमेकांपासून लांब उभे. बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि बोलता येण्यासारखं काहीच नाही. गीता दत्तचा आवाज सुरू होतो आणि वरून, छताजवळून, उजेडाचा एक सरळ खांब तिरका खाली येतो. त्यात धूळ तरंगते आहे. दोघं जागची हलत नाहीत. त्यांच्या देहांतून त्यांच्याच आकृत्या बाहेर पडतात आणि त्या उजेडात एकमेकांकडे चालत जातात.

"हा दिवा नाही," मामा म्हणाला. "दिव्याचा झोत असा सरळ राहत नाही."

खरंच तो दिवा नव्हता. कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे की ते बाहेरचं ऊन होतं. दोन मोठे आरसे वापरले. एकानं बाहेरचं ऊन पकडलं, दुसऱ्यानं ते आत उंचावरून खाली फेकलं, आणि थोडा धूर सोडला तेव्हा किरण डोळ्यांना दिसू लागले. मामाचं म्हणणं शास्त्रालाही धरून होतं. स्टुडिओतला दिवा कितीही मोठा आणला तरी तो जवळच असतो, म्हणून त्याचा झोत पुढे जाता जाता फाकतो. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. तो खांब कडेला इतका रेखीव दिसतो तो त्यामुळे. पण ऊन कुणासाठी थांबत नाही. चार मिनिटांत सूर्य एक अंश सरकतो आणि त्याबरोबर आरशातला झोतही जागा सोडतो. म्हणजे ते ऊन तिथे टिकवायला कुणीतरी आरशापाशी उभं राहून तो हळूहळू वळवत राहिलं असणार. त्या माणसाची मला नेहमी आठवण येते. पडद्यावर दोन माणसं स्तब्ध उभी आहेत आणि पडद्यामागे कुणीतरी सूर्याच्या मागे मागे आरसा वळवतो आहे.

हे तंत्र कळल्यावर दृश्य माझ्यापुरतं आणखी खोल गेलं. स्टुडिओ म्हणजे बाहेरचं ऊन बंद करून आत दिव्यांनी स्वतःचा दिवस उभा करण्याची जागा. सुरेश सिन्हानं आयुष्यभर तेच केलं: कोणावर उजेड पडावा, कोण अंधारात राहावं, हे त्यानं ठरवलं. शांतीवर पहिला उजेड त्यानंच टाकला. आणि ज्या क्षणी दोघांनाही कळतं की आता काहीच होण्यासारखं नाही, त्या क्षणी त्या बंद जागेत खरं ऊन शिरतं. तेही थेट नाही, आरशातून आलेलं, उसनं. त्यांना तेवढंच मिळणार आहे. हे कुठल्याही संवादात नाही. ते लिहिलं आहे दोन आरशांनी.

सिनेमा तेव्हा चालला नाही. गुरुदत्तनं त्यानंतर दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव लावलं नाही. मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले कॅमेरामन. त्यांच्या हाताखाली तयार झालेले गोविंद निहलानी पुढे श्याम बेनेगलांच्या सिनेमांचे डोळे झाले. मूर्तींचंच काम असलेल्या 'साहिब बीबी और गुलाम'मध्ये एक नाच आहे, त्यात पुढची नर्तिका लख्ख उजेडात आणि मागची सगळी रांग नुसत्या सावल्या. कोठ्यावर येणाऱ्या जमीनदारांना मागच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे कधी दिसलेच नसणार, असं मला ते बघताना वाटतं. अंधारालाही गोष्ट सांगता येते, फक्त तो कुणी तरी विचारपूर्वक ठेवलेला असावा लागतो.

मूर्तींचा उजेड धारदार. त्याच काळात कलकत्त्यात उजेडाची धार काढून टाकण्याचं काम चाललं होतं. पुण्याला लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हचा उन्हाळी अभ्यासक्रम मी केला, तेव्हा 'अपराजितो' पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिला. १९५६ चा. बनारसमधलं घर, मधे चौक, चौकाभोवती खोल्या. मी बघत होते आणि मला माझ्या आजीच्या वाड्याचा चौक आठवत होता. आजी तांदूळ निवडायला नेहमी चौकाच्या कडेला, पायरीवर बसायची. ओसरीत नाही, खिडकीपाशीही नाही. चौकात आकाशाचा उजेड वरून, सगळीकडून सारखा उतरतो. स्वतःच्या हाताची सावली सुपात पडत नाही आणि खडा लगेच दिसतो. पडद्यावर अपूची आई तशाच उजेडात वावरत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं की तो चौक बनारसचा नाही आणि ते आकाशही नाही. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी घर कलकत्त्यात स्टुडिओच्या आत बांधलं होतं. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरं कापड ताणून बांधलं आणि सगळे दिवे माणसांवर न रोखता त्या कापडावर मारले. कापडावरून परतून खाली आला तो मऊ, बिनसावलीचा उजेड. 'पथेर पांचाली'साठी कॅमेरा हाती घेतला तेव्हा मित्र एकवीस वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. त्यामुळे असेल, उजेड कसा 'करायचा' हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. तो कसा येतो एवढंच ते बघत होते. आज कुठल्याही सेटवर लाइटमन थर्माकोलची शीट धरून बाउन्स देताना दिसतो. तेव्हा ती गोष्ट अशी रुळलेली नव्हती. मी मामाला पत्र लिहून हे कळवलं. त्याचं उत्तर आलं: "आपण धोतर बांधतो तेच." लहान मुलांचे फोटो काढताना तो खरंच दिव्यासमोर जुनं धोतर ताणायचा.

ज्या आवारात आमचे काही वर्ग व्हायचे ती मुळात प्रभातची जागा. प्रभात कंपनी कोल्हापुरात १९२९ ला सुरू झाली आणि १९३३ ला पुण्यात आली. त्याच साली त्यांनी 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला. शांतारामबापूंनी प्रिंट काढून घ्यायला जर्मनी गाठली. रंग आले, पण मनासारखे आले नाहीत, आणि प्रभात पुन्हा कृष्णधवलकडे वळली. 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस' हे सगळं त्यानंतरचं. मला त्यातला 'कुंकू' नेहमी विलक्षण वाटतो. १९३७ चा सिनेमा. नावच एका रंगाचं आणि पडद्यावर तो रंग कुठेही नाही. शांता आपटेच्या कपाळावर दिसतो तो काळसर ठिपका. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावून दिलेली, पण नवरा म्हणून त्याला न स्वीकारणारी ती नीरा. तिच्या कपाळावरचा तो ठिपका थिएटरातल्या प्रत्येक बाईनं मनात लाल केला असणार, आणि तो लाल प्रत्येकीचा वेगळा असणार. रंग नसताना रंगाची एवढी ताकद मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेली नाही.

उलट अनुभवही आमच्या पिढीला आला. रंगीत सिनेमे आम्ही कृष्णधवल टीव्हीवर पाहिले. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, शेजारच्या घरात सतरंजीवर चाळीस माणसं. 'पिंजरा' मी असाच पाहिला. लावण्या भारी वाटल्या, डॉ. लागूंचा मास्तर पाहून जीव तुटला, पण गावातली शाळा आणि तमाशाचा फड ही दोन जगं आहेत असं डोळ्यांना काही जाणवलं नव्हतं. सगळं करडंच. लाल आणि हिरवा हे रंग डोळ्याला एकमेकांचे वैरी वाटतात, पण दोन्हींचा उजळपणा सारखा असला तर कृष्णधवल पडद्यावर दोन्हींचा करडा एकच होतो. कृष्णधवल काढणाऱ्यांना हे माहीत असायचं, म्हणून ते उजेडानं माणसं वेगळी काढायचे. 'पिंजरा' रंगासाठी काढलेला होता. पुढे कित्येक वर्षांनी तो थिएटरात पाहिला आणि पहिल्या अर्ध्या तासातच कळलं की हा सिनेमा मी पाहिलेलाच नाही. एका बाजूला नऊवारींचे पेटते रंग, आणि त्यांच्यासमोर मास्तराचे पांढरे कपडे. तो पांढरा टिकणार नाही, हे गोष्टीच्या आधी डोळ्यांना समजतं. शेवटी ज्या गुरुजीचा पुतळा गावात उभा आहे, त्याच्याच खुनाबद्दल त्याला स्वतःला शिक्षा होते. पुतळ्याला रंग नसतो, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं.

रंग म्हणजे काय, हे मात्र मी सिनेमात शिकले नाही. ते मामाच्या माडीवर शिकले.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. एक बाई आली. पिशवीतून तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढला. कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा माणूस, नखाएवढा चेहरा. "हे आमचे मालक," ती म्हणाली. दुसरा फोटोच नव्हता. मामानं त्या चेहऱ्याची निगेटिव्ह काढली, मोठा प्रिंट केला, शेजारच्यांचे खांदे खोडून टाकले. तेव्हा रंगीत फोटो आमच्या गावात निघत नव्हते. कृष्णधवल प्रिंटवर पातळ रंग हातानं चढवायचे. काडीला कापूस गुंडाळायचा, रंगात बुडवायचा, टिपायचा, आणि एकावर एक थर देत जायचं.

"शर्ट कुठल्या रंगाचा होता?" मामानं विचारलं.

बाई गप्प झाली. फोटोकडे बघत राहिली, जणू काय तिथे लिहिलेलं असावं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आकाशी. फिका. त्या लग्नालाच शिवलेला."

रात्री स्टुडिओ बंद झाल्यावर मामा बल्बखाली बसला आणि आकाशी चढवला. दुसऱ्या दिवशी बाई फोटो घेऊन गेली, आणि संध्याकाळच्या गाडीच्या आधी परत आली. "दादा, एवढा निळा नव्हता ओ." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसतं अवघडलेपण होतं. मामानं ओल्या बोळ्यानं शर्ट पुसला आणि रात्री पुन्हा बसला. चार दिवसांनी ती पुन्हा आली. पुन्हा तेच. "एवढा नव्हता." मामा फोटो घेऊन तिच्याबरोबर जिन्याच्या तोंडाशी गेला. सकाळचं दहाचं ऊन समोरच्या भिंतीवरून परतून जिन्यात येत होतं. त्यानं फोटो हातभर लांब धरला आणि स्वतःशीच म्हणाला, "उजेड कुठून येतोय?"

मला तेव्हा ते समजलं नाही, पुढे समजलं. बल्बचा उजेड पिवळा असतो. त्यात निळं कमी असतं. त्याच्याखाली निळा रंग मेल्यासारखा दिसतो. मामा रात्री बसायचा, आकाशी पुरेसा आला नाही असं वाटून आणखी एक थर द्यायचा, आणखी एक. बाई तोच फोटो घरी जाऊन दिवसाउजेडी बघायची आणि तिला परका, भडक निळा शर्ट घातलेला माणूस दिसायचा. सिनेमावाले हेच आकड्यांत सांगतात: दिवा ३२०० केल्व्हिन, दिवस ५६००. बाईला आकडा माहीत नव्हता. तिला तो शर्ट माहीत होता.

तिसऱ्यांदा मामानं टेबल गॅलरीत नेलं आणि सकाळच्या सावलीत बसून रंग चढवला. बाई आली, फोटो हातात घेतला, पाहिला, वर्तमानपत्रात गुंडाळला, पुन्हा उलगडला आणि पाहिला. काही न बोलता जिना उतरायला लागली. अर्ध्या जिन्यातून परत आली, कारण पैसे द्यायचे राहिले होते. मामानं तिला विचारून तसाच आणखी एक प्रिंट रंगवला आणि जिन्यातल्या काचेच्या पेटीत नमुना म्हणून लावला. स्टुडिओ बंद होईपर्यंत तो माणूस तिथे होता, फिक्या आकाशी शर्टात.

म्हणून मला रंगांचे तक्ते पटत नाहीत. लाल म्हणजे प्रेम किंवा धोका, निळा म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आनंद, असं शिकवतात. रंगाचा अर्थ तक्त्यात नसतो. तो कुणाच्या अंगावर, कुठल्या वेळी, कुठल्या उजेडात पाहिला त्यावर ठरतो. 'सैराट'चा शेवट आठवा. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी टिपलेला पहिला अर्धा सिनेमा विहीर, ऊस, केळीच्या बागा आणि पाखरांचे थवे यांनी भरलेला आहे. डोळे तृप्त होतात. मग हैदराबाद, पत्र्याची खोली, रंग उतरत जातात. आणि शेवटी, संसार जरा उभा राहिल्यावर, आर्ची दारात रांगोळी काढत असते तेव्हा माहेरची माणसं येतात. चहा होतो. त्यानंतर लहान मूल घरात जाऊन बाहेर येतं आणि त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. आवाज बंद केलेला आहे. त्या लालाला कुठल्याही खास दिव्यानं उठाव दिलेला नाही. ज्या उंबऱ्यासमोर सकाळपासून रांगोळी होती तिथेच, घरातल्या नेहमीच्या उजेडात तो उमटतो. आपल्याकडे दारातलं लाल पाऊल म्हणजे लक्ष्मीचं. हे मराठी प्रेक्षकाला सांगावं लागत नाही, आणि सिनेमाही सांगत नाही.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' मला उजेडाच्या दृष्टीनं त्याहूनही निष्ठुर वाटतो. जब्याला शालूपासून लपायचं आहे. आपण डुकरं धरणाऱ्या घरातले आहोत हे तिनं पाहू नये, एवढंच त्याचं मागणं. आणि डुक्कर धरायचं काम शाळेसमोर, उघड्या माळावर, भर दिवसा निघतं. तो आडोसे शोधतो. विक्रम अमलाडींचा कॅमेरा त्याला सावलीचा तुकडा मिळू देत नाही. अंधार घाबरवतो हे सगळे सिनेमे सांगतात. काही माणसांना दिवसच लपू देत नाही, हे मी तिथे पाहिलं.

त्यातला जब्या त्याच्या स्वतःच्या रंगाचा दिसतो, हेही मला फार मोलाचं वाटतं. मामाकडे येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक सांगायचं, "जरा गोरा येऊ द्या." लग्नासाठी दाखवायच्या मुलीचा फोटो असला की आई मामाला बाजूला घेऊन सांगायची. त्याची युक्ती होती: निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं बारीक रेघा मारायच्या. निगेटिव्हवर जिथे शिसं बसतं तिथून कागदावर उजेड कमी जातो आणि तेवढी जागा प्रिंटमध्ये पांढरी येते. म्हणजे काळी पेन्सिल फिरवून माणूस गोरा करायचा. मामानं शेकडो मुली अशा गोऱ्या केल्या आणि म्हातारपणी त्याला ते लागून राहिलं. "नुसता दिवा जरा कडेला घेतला असता," तो म्हणाला होता, "तर आहे तो रंग चमकला असता. सावळ्या कातडीवर उजेड असा सुंदर फिरतो. पण कुणाला नको होतं." आपल्या सिनेमानंही कित्येक वर्षं हेच केलं. मेकअप आणि लाइट दोन्ही गोऱ्या नायिकेच्या मापानं बेतले आणि बाकीच्यांचे चेहरे त्या मापात बुडाले. कोणावर उजेड टाकायचा, हा निर्णय तंत्राचा आहे असं म्हणून सोडून देता येत नाही.

'श्वास' आला २००४ मध्ये, तेव्हा मी मामाला घेऊन थिएटरात गेले. कोकणातला छोटा परशुराम, त्याच्या डोळ्यांत कर्करोग. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. आजोबा अरुण नलावडे. ऑपरेशनच्या आधी आजोबा नातवाला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर घेऊन जातात, कारण जग बघून घ्यायला त्याच्याजवळ आता तेवढाच वेळ आहे. हॉस्पिटलच्या फिक्या भिंती आणि आठवणीतलं कोकणचं हिरवं, एवढ्यावरच सिनेमाचा रंग तोलला आहे. यात मला जाणवलं ते असं की आपण थिएटरात बसून त्या मुलाच्या वतीनं बघायला लागतो. साधं झाड, रस्त्यावरची गर्दी, खेळणी. रोज दिसणारं सगळं, पण उद्या ते एकाला दिसणार नाही हे माहीत झाल्यावर प्रत्येक रंग वजनदार होतो. शेवटी होडी गावाकडे येते तेव्हा मुलाच्या डोळ्यांवर काळा चष्मा आहे आणि पाण्यावर उजेड आहे. मामा लाइट लागले तरी उठला नाही.

आता रंग संगणकावर ठरतात. शूटिंग झालं की कलरिस्टच्या खोलीत गवत हवं तेवढं हिरवं आणि संध्याकाळ हवी तेवढी सोनेरी करता येते. साधन उत्तम आहे. ते कुणी 'किल्ला'सारख्या सिनेमात पाहावं, जिथे अविनाश अरुण यांनी कोकणातला पाऊस आणि शेवाळ एका मुलाच्या एकटेपणाइतकं ओलं ठेवलं आहे. पण पुष्कळदा मला त्या साधनाचा आळस दिसतो. भूतकाळ आला की सगळं तपकिरी. खेडं आलं की सगळं पिवळं. रात्र म्हणजे निळी. चेहरे नारिंगी आणि सावल्या हिरवट-निळ्या, कारण माणसाच्या कातडीचा रंग नारिंगीच्या जवळ असतो आणि त्याच्या विरुद्ध रंग मागे ठेवला की चेहरा उठून दिसतो. उठून दिसतो हे खरं, पण प्रत्येकच चेहरा सारखाच उठून दिसला की गोष्टीला त्याचा काय उपयोग? आपल्या शहरांची रात्र कालपर्यंत सोडियमच्या दिव्यांनी नारिंगी होती, आता एलईडीनं पांढरी झाली. जुन्या मुंबईवरचा सिनेमा काढताना तो नारिंगी परत आणणारा दिग्दर्शक दिसला की मला त्याला पत्र लिहावंसं वाटतं. त्यानं विचारलेलं असतं ना, उजेड कुठून येतो ते.

मामा आता ब्याऐंशीचा आहे. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डाव्याची तारीख दोन महिन्यांनी होती. ते दोन महिने त्यानं लहान मुलासारखे घालवले. खुर्चीत बसून हातानं आधी एक डोळा झाकायचा, मग दुसरा. "ह्यानं भिंत पिवळी," म्हणायचा, "ह्यानं पांढरी. ह्यानं आभाळ मळकं, ह्यानं असं निळं की बघवत नाही." मोतीबिंदू वर्षानुवर्षं डोळ्यासमोर पिवळी काच धरतो आणि माणसाला कळत नाही, कारण ती रोज थोडी थोडी पिवळी होत जाते.

एका संध्याकाळी त्यानं मला माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. त्यात कात्र्या, रंगांच्या वाळलेल्या बाटल्या, निगेटिव्हचे डबे आणि तळाशी कागदात गुंडाळलेला तो नमुन्याचा फोटो. त्यानं तो मांडीवर घेतला. डावा डोळा झाकला, पाहिलं. उजवा झाकला, पाहिलं. असं किती तरी वेळ.

"तिचं नाव आठवत नाही," तो म्हणाला. "शर्ट आठवतो."

मग फोटो जरा लांब धरून मान तिरकी केली आणि मला म्हणाला, "खिडकी उघड गं. इथं बल्बचा उजेड आहे."